कडेवरचं मोजत नाहीत

समन्स आलं तेव्हा तो बनियनवर बसून पायाची नखं कापत होता. असले कागद येणार असतील तेव्हा माणसानं निदान शर्ट तरी घातलेला असावा, पण ते कुणाच्या हातात असतं. दारात खाकी पिशवी लावलेला बेलिफ उभा होता. त्यानं नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, हुद्दा विचारला. "मोजणी कारकून, फेरीबोट खातं, उत्तर धक्का," तो म्हणाला, आणि मग घाईनं "होतो" असं जोडलं, कारण पाच महिन्यांपूर्वी बोट बुडाली त्या दिवसापासून खात्यानं त्याला धक्क्यावरून उचलून भांडारात बसवलं होतं. बेलिफानं त्या 'होतो'ला काही किंमत दिली नाही. त्यानं सहीची जागा बोटानं दाखवली आणि जिना उतरून गेला. कागदावर लिहिलं होतं की साक्षीदार क्रमांक सत्तेचाळीस यांनी येत्या अकरा तारखेला सकाळी साडेदहा वाजता चौकशी आयोगासमोर जातीने हजर राहून सत्य ते सांगावे, कसूर केल्यास पुढील कारवाई होईल. एकोणीस वर्षं तो लोकांना मोजत आला होता आणि आज कुणीतरी त्याला मोजून क्रमांक दिला होता. एरवी या गोष्टीची त्यानं स्वतःच चारचौघांत थट्टा केली असती. आता तो नुसता उठला. एका पायाची नखं कापायची राहिली ती राहिलीच, आणि पुढचे कित्येक दिवस मोज्यात त्या पायाचा अंगठा टोचत राहिला.

बायको ओले हात पुसत बाहेर आली. "आलं का?" तिनं विचारलं, जणू मुलाच्या नोकरीचा कागद यायचा होता. तिनं तो दोनदा वाचला, घडी घातली आणि भिंतीवरच्या फोटोच्या मागे खोचून ठेवला. फोटो तिच्या थोरल्या भावाचा होता. तो त्या बोटीचा सारंग, म्हणजे बोट चालवणारा, आणि बोटीबरोबरच गेलेला. "आता दादाच्या नावावरचा डाग जाईल," ती म्हणाली. डाग असा होता की वाचलेले आणि सापडलेले मिळून एकशे सदतीस माणसं भरली होती, आणि बोटीची क्षमता शंभराची. गेटवर शंभरच मोजली गेली होती, याबद्दल कुणाला शंका नव्हती. मग वरची सदतीस आली कुठून? खात्यानं याचं उत्तर पहिल्या आठवड्यातच काढलं होतं. बोटीच्या मागच्या बाजूला सामान चढवायची एक फळी असते, ती सारंगाच्या ताब्यात. सारंगानं ती टाकून ओळखीपाळखीची माणसं परस्पर आत घेतली असणार. मेलेला माणूस काही उठून नाही म्हणायला येत नाही. तेव्हापासून दादाची बायको, वहिनी, दुकानात गेली की तिथली माणसं बोलायची थांबत. "दादानं जन्मात मागची फळी टाकली नाही," बायको म्हणाली. "तुम्ही तिथं होतात. तुम्ही एवढं सांगितलंत की संपलं. तुमच्या शब्दाला वजन आहे." वजन होतं ते खरंच होतं. एकोणीस वर्षांत एकदाही त्याचा आकडा चुकला नव्हता, खात्यानं तसं प्रशस्तिपत्रक दिलं होतं, आणि तेही याच भिंतीवर होतं. सासुरवाडीला गेल्यावर पंगतीत किती पानं मांडायची हे त्याला विचारायची पद्धत होती. "सांगतो," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता खाली वाकून फरशीवरची नखं गोळा करू लागला.

सदतीस कुठून आली ते त्याला माहीत होतं. त्याच्याच गेटातून, त्याच्या डोळ्यांदेखत, हसत हसत आली होती. कामाला लागला त्या पहिल्या दिवशी जुन्या कारकुनानं त्याच्या मुठीत ते लोखंडी मोजणीयंत्र दिलं होतं, अंगठ्यानं दाबलं की एक आकडा पुढे सरकायचा, आणि सांगितलं होतं, "जमिनीवर दोन पाय टेकले की माणूस. कडेवरचं मोजत नाहीत." यात गैर काही नव्हतं. तान्ह्या मुलाला कोण मोजतो? पण बायकांना हे ठाऊक झालं, आणि शंभर भरले की गेट बंद व्हायचं म्हणून त्या गेटापाशी आल्या की चालणाऱ्या पोरालाही पटकन कडेवर घ्यायच्या. चार वर्षांचं, सहा वर्षांचं, कधी त्याहून मोठं. गेटावर कडेवर आणि आत गेलं की पायांवर. सगळ्या धक्क्याला हे माहीत होतं. तो म्हणायचा, "काय ताई, बाळाला मिसरूड फुटायची वेळ आली की," आणि ताई लाजायची, मागच्या चारजणी हसायच्या, आणि यंत्रावरचा अंगठा जागच्या जागी राहायचा. त्याला मामा म्हणायचे सगळे. साहेब त्याला 'ए मोजणी' म्हणून हाक मारी, बायको 'अहो', आणि या अनोळखी बायकांची शेंबडी पोरं मात्र मामा म्हणायची, आणि त्याला ते आवडायचं. नुसतं आवडायचं नाही, त्याला वाटायचं की आपण या शहरात कुणाचंही नुकसान न करता थोडा चांगुलपणा वाटतो आहोत. खात्याच्या नियमात कुठेही न बसणारा, स्वतःच्या अंगठ्याइतका चांगुलपणा. हे आठवलं की आता त्याला स्वतःची किळस यायची.

त्या दिवशी पलीकडच्या काठावर मुलांना लस टोचायचं शिबिर होतं, बारा वाजता बंद होणारं. सकाळची बोट म्हणजे नुसत्या आया आणि नुसती पोरं. तो मोजत होता, यंत्र टकटक चाललं होतं, आणि नव्याण्णवानंतर एक बाई आली, हिरव्या ओढणीची, आणि तिच्या हाताला धरून एक मुलगी. आठ वर्षांची असेल, कदाचित नऊ. लांब लांब पायांची. बाई शंभरावी होती. मुलगी एकशे एकावी. बाईनंच ते ओळखलं, ती भली बाई होती, म्हणाली, "राहू द्या मामा, आम्ही पुढच्या बोटीनं येतो." पुढची बोट चाळीस मिनिटांनी होती आणि उन्हात उभं राहायला धड छप्परही नव्हतं. आणि तो म्हणाला, "अहो, उचला की. कशाला खोळंबता?" बाई संकोचली. मुलगी म्हणाली, "मी मोठी आहे. मी चालते." तो तिच्यापुढे थोडा वाकला आणि म्हणाला, "आज नाहीस मोठी. आजच्या दिवस बाळ." सगळे हसले. बाईनं तिला उचललं, तिचे पाय आईच्या गुडघ्यांखाली लोंबत होते, एका चपलेचा बंद सुटलेला होता, आणि तिनं आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं की बघ, तुझ्यासाठी करते आहे हं हे. त्यानं साखळी लावली. वरून मेहुण्यानं हाक मारली, "भावोजी, आज उचलून आणलेली बरीच दिसतात हो. जरा बघा." म्हणजे मेहुण्यानं विचारलं होतं. रोज विचारत नसे, त्या दिवशी विचारलं होतं. आणि यानं हात हलवून सांगितलं, "बाळं आहेत, दादा. जाऊ द्या, बायका खोळंबल्यात." मेहुण्यानं त्याच्या शब्दावर शिट्टी दिली. नदीच्या मध्यावर समोरून वाळूची बोट जात होती आणि तिच्यावर एक कुत्रं उभं होतं. पायांवर सोडलेली सगळी पोरं ते कुत्रं बघायला एका बाजूला धावली, आणि त्यांना धरायला आया. धक्क्यावरून त्याला दिसलं ते एवढंच की बोट एका अंगाला कलली, आणि मग परत सरळ झाली नाही. आवाज बराच उशिरा आला.

भांडारात त्याला काम असं नव्हतं. अपघातानंतर खात्यानं घाईघाईनं जीवरक्षक जाकिटं मागवली होती, ती दोन खोल्या भरून पडली होती, आणि त्यांची राखण करायची. नारिंगी रंगाच्या त्या ढिगात बसून तो डबा खायचा. एकदा रिकामपणी त्यानं सगळी जाकिटं उलथून पाहिली. मोठं माप, मध्यम माप. लहान मुलाच्या मापाचं एकही नव्हतं. मागणीपत्रकात प्रवासी शंभर लिहिलेलं होतं आणि प्रवासी म्हणजे कोण हे गेटावर ठरत होतं. तो त्या ढिगावर बसून राहिला आणि संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला आला तेव्हाच उठला. समन्स आल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः भांडारात आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला बसायला सांगितलं. "हे बघ," साहेब म्हणाले, "विचारतील तेवढंच बोलायचं. किती मोजले? शंभर. क्षमता किती? शंभर. साखळी लावली? लावली. उगाच हात दाखवून अवलक्षण नको. तुझं रेकॉर्ड स्वच्छ आहे, ते स्वच्छ राहू दे." जाताना ते जाकिटांकडे बघून म्हणाले, "बरी आहेत ना ही?" आणि तो म्हणाला, "बरी आहेत."

अकरा तारखेपर्यंत नऊ दिवस होते. या नऊ दिवसांत त्यानं बायकोला सांगून टाकायचं तीनदा ठरवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं घरभर अंधार होता आणि तरी त्याला वाटायचं की आपण दिसतो आहोत. एकदा जेवताना त्यानं सुरुवात केली, "त्या दिवशी गेटावर मी..." आणि ती म्हणाली, "जेवताना नका आठवू. तुमच्या घशाखाली घास उतरत नाही मग." तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. ती चांगली होती, हा त्रास होता. भाऊ गेल्यापासून तिनं एकदाही त्याला विचारलं नव्हतं की तुम्ही गेटावर असून असं कसं झालं. त्याच्यावर संशय घ्यावा हे तिला सुचतच नव्हतं. दुसऱ्यांदा त्यानं ठरवलं तेव्हा वहिनी आली होती, ती फोटोखाली बसून राहिली आणि उठताना म्हणाली, "भावोजी, तुम्ही आहात म्हणून धीर आहे." तिसऱ्यांदा त्याची हिंमतच झाली नाही. पण या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेली, की आयोगापुढे आपण सांगणार. घरी जमत नाही ते तिथं जमेल. तिथं शपथ असते, कागद असतो, लिहून घेणारी माणसं असतात. एकदा लिहिलं गेलं की खरं ते खरं होतं, मग पुढे आपली नोकरी जाते का तुरुंग होतो ते होवो. दादा सुटेल. बायको बोलायची बंद होईल, कदाचित निघून जाईल, पण दादा सुटेल. आणि ती मुलगी, तिचं जे काय झालं ते, कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवेल की ती चालत येणार होती. वर्तमानपत्रातल्या याद्या त्यानं कधी वाचल्या नव्हत्या. सापडलेल्यांना धक्क्यावर ओळीनं ठेवलं होतं तेव्हाही तो कचेरीच्या मागे जाऊन उभा राहिला होता. त्यामुळे ती त्याच्या लेखी अजून आईच्या खांद्यावरून बघत होती.

आयोग एका बंद पडलेल्या शाळेच्या सभागृहात बसत असे. पंखे होते, ते आवाज करत होते, म्हणून बंद ठेवले होते. तो बाकावर बसला आणि दारातून माणसं येऊ लागली तसा त्याचा अंगठा मुठीत आपोआप दबू लागला. बायको मागच्या रांगेत बसली होती, इस्त्रीच्या साडीत, वहिनीला घरीच ठेवून आलेली. अध्यक्ष म्हातारे होते, त्यांना सर्दी झाली होती, आणि ते खरोखरच सौजन्यानं बोलत होते. त्यांनी त्याला पाणी हवं का विचारलं. खात्याचे वकील उठले. किती मोजले? शंभर. क्षमता? शंभर. साखळी लावली? लावली. वकील बसायला वळले, आणि तो म्हणाला, "साहेब, मला आणखी सांगायचंय." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. मग त्यानं सांगितलं. कडेवरचं मोजत नाहीत ते, आणि गेटावर कडेवर आणि आत पायांवर ते, आणि ही सदतीस मागच्या फळीवरून नाही तर त्याच्याच गेटातून गेली ते. टंकलेखक टाइप करत होता. तो थांबला नाही याचं त्याला बरं वाटलं.

"ही अशी मुलं किती होती?" अध्यक्षांनी विचारलं.

"मोजली नाहीत, साहेब. ती मोजत नाहीत."

"अंदाजे?"

"अंदाज नाही सांगता येणार."

मग वकिलांनी पुन्हा उभं राहून शांतपणे विचारलं की वाचलेल्या सोळा महिलांच्या साक्षी झाल्या, त्यांपैकी एकीनंही मोठं मूल उचलून नेल्याचं सांगितलेलं नाही, याचं काय? त्याला ठाऊक होतं याचं काय. कोणती आई सांगेल की माझं चालतं पोर मी गेटाजवळ उचललं, आणि आत नेऊन सोडलं, आणि परत उचलायला मिळालं नाही? पण तो एवढंच म्हणाला, "त्या नाही सांगणार." वकिलांनी प्रशस्तिपत्रकाची प्रत काढली. एकोणीस वर्षांत चूक नाही हे खरं ना? खरं. आणि त्या एका दिवशी सदतीस? तेव्हा त्यानं मुलीचं सांगितलं. सगळं सांगितलं, लांब पायांचं, चपलेच्या बंदाचं, 'आजच्या दिवस बाळ' म्हणाल्याचं. सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. "नाव काय मुलीचं?" अध्यक्षांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात खरंच कळवळा होता. त्याला नाव माहीत नव्हतं. वाचली का, माहीत नव्हतं. "आणि सारंगानं मला विचारलं होतं," तो म्हणाला, "उचलून आणलेली बरीच दिसतात म्हणून. मीच म्हणालो, जाऊ द्या. त्यांचा काही दोष नाही. सगळा माझा आहे."

वकील थोडा वेळ कागद चाळत राहिले. "सारंग तुमचे कोण?"

"मेहुणे."

"पत्नीचे सख्खे भाऊ?"

"हो."

वकील खाली बसले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि टंकलेखकाला हळू आवाजात मजकूर सांगितला. तो मजकूर नंतर त्याला सहीसाठी देण्यात आला. त्यात शेवटी होतं: साक्षीदाराने केलेले जादा कथन संख्येने अथवा अन्य पुराव्याने सिद्ध होत नाही, मयत सारंगाशी असलेले निकटचे नाते पाहता ते नात्यापोटी केलेले दिसते, ते विचारात घेण्याची आवश्यकता नाही. त्यानं सही केली. न केली तर काय करतात ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर पडताना दारावरच्या शिपायानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मेहुण्यासाठी एवढं कोण करतं आजकाल," शिपाई म्हणाला. साहेब जिन्यात उभे होते, ते रागावलेले नव्हते. मान हलवून म्हणाले, "भावनेच्या भरात बोललास. असू दे. उद्या भांडारात ये वेळेवर." त्याला वाटलं की आपण ओरडावं. पण ओरडून काय सांगायचं, जे सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं, आणि ते कागदावर आलंही होतं, आणि त्याच्या खाली त्याची सही होती.

बायको फाटकापाशी थांबली होती. तिचे डोळे लाल होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिनं भर रस्त्यात त्याचा हात धरला. तिच्या हाताला ऊब होती आणि त्याला तो हात सोडवून घ्यावासा वाटला, आणि सोडवेना.

"त्यांनी नाही मानलं तर नाही," ती म्हणाली. "माझ्या दादासाठी तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलंत. मी वहिनीला सांगणार आहे, कसे उभे राहिलात ते."

"मी खोटं बोललो नाही," तो म्हणाला. "ते तसंच झालं होतं. मी म्हणालो तसंच."

"हो, हो. कुणी विचारलं तर असंच सांगा." तिनं पदरानं डोळे टिपले. "मी का तुम्हाला ओळखत नाही? तुमच्या हातून मोजणीत चूक? सदतीस माणसांची?"

दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गाड्या जात होत्या. तो पुन्हा एकदा सांगणार होता, आता पहिल्यापासून, नीट, तिच्या डोळ्यांत बघून सांगणार होता. त्यानं तोंड उघडलंही होतं. पण तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जे आलं होतं ते त्यानं पाहिलं, आणि तोंड मिटलं. ती त्याच्याकडे बघत होती, थोड्या कौतुकानं, थोड्या नवलानं.

"पण काय हो," ती म्हणाली, "ती मुलगी. ते पाय, ती चप्पल. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. हे सगळं तुम्हाला सुचलं कसं?"

रस्ता रिकामा झाला होता. ती पाऊल पुढे टाकून त्याची वाट बघत होती.

"सुचलं," तो म्हणाला, आणि तिच्याबरोबर रस्ता ओलांडला.